पेटीबरोबरचा माणूस

सरकारी कागदावर मी लिहिलेल्या हजारो वाक्यांपैकी एकच मला पाठ आहे. ‘प्रवासात निद्रिस्त असलेला कर्मचारी शासकीय कर्तव्य बजावीत होता, असे म्हणता येणार नाही.’ साहेबांनी त्याखाली हिरव्या शाईने सही केली, कागद थोडा लांब धरून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तुमची मराठी चांगली आहे.” मलाही तेव्हा ते वाक्य आवडलं होतं.

आमचं कार्यालय जळगावात. जिल्ह्यातल्या गावांचं पिण्याचं पाणी तपासायचं, एवढंच आमचं काम. मी तिथे आस्थापना लिपिक होतो. म्हणजे माणसांच्या रजा, वेतनवाढी, दौरे आणि चुका यांचे कागद माझ्या टेबलावरून जात. पाणी मी फक्त पीत असे.

पाण्याचे नमुने आणायला एक परिचर होते. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी, नोकरी सगळी जळगावात. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतलं एक यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो नीट चालू राहिला, यंत्र मात्र चालू झालं नाही. तेव्हापासून एका तपासणीसाठी नमुने धुळ्याच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत. पाठवणं म्हणजे नानांनी नेणं.

हे काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर नळापासून सुरुवात करावी लागते. आमच्याकडच्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. कितीतरी दिवसांआड येतं आणि ते पहाटे येईल की भरदुपारी, हे वॉल्व्ह फिरवणाऱ्यालाच ठाऊक असतं. नमुना घ्यायचा तो त्याच वेळी. त्यामुळे नाना आदल्या संध्याकाळी बोदवडकडे जात, गावातल्या मंदिराच्या ओट्यावर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकत आणि पहाटे नळ आला की बाटल्या भरत. त्या बर्फाच्या निळ्या पेटीत ठेवायच्या, पहिल्या गाडीने जळगाव, तिथून बसने एरंडोल, पारोळा, धुळे. पेटी कार्यालय उघडताना धुळ्यात पोचली तर तपासणी वेळेत होई. पेटी देऊन नाना परत निघत आणि दिवस मावळायला घरी येत.

कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. नानांचं निम्मं काम या वेळेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडे.

त्यांच्या वर्गातल्या कर्मचाऱ्याने कार्यालयीन वेळेबाहेर काम केलं तर अतिकालिक भत्ता मिळण्याची सोय नियमात होती. मात्र प्रवास हे काम की कामाकडे जाणं, याबद्दल नियम गप्प होता. प्रवास म्हणजे काय हे त्यात बारकाईने दिलं होतं, कुठून कुठवर मोजायचा तेही. काम म्हणजे काय हे कुठेच दिलं नव्हतं. मी तीनदा शोधलं.

नानांनी स्वतःहून कधी अर्ज केला नसता. एका बैठकीत साहेबच म्हणाले, “नाना, एवढं फिरता, अर्ज करा की.” बैठकीत चार माणसं होती म्हणून ते म्हणाले. नानांनी मात्र ते खरं मानलं. आठवड्याने त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि सोबत पुरावा म्हणून दौऱ्याची दैनंदिनी जोडली.

दौऱ्याची दैनंदिनी प्रत्येकाला लिहावी लागते. ती कशी लिहायची हे कोणी शिकवत नाही, तरी सगळे सारखीच लिहितात: इतक्या वाजता प्रस्थान, इतक्या वाजता आगमन, कामकाज केले, परत. नानांची दैनंदिनी तशी नव्हती. शाळेच्या वहीत, निळ्या पेनाने, ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: ‘पहाटे ४.०५ नळ आला. बाटल्या सहा. ५.१० गाडी. ६.४५ बस. एरंडोल येथे चहा. एरंडोल ते पारोळा झोप.’ दुसऱ्या दिवशी: ‘पारोळा सोडल्यावर डोळा लागला.’ तिसऱ्या दिवशी: ‘आज झोप नाही, उभ्याने प्रवास.’

साहेबांनी वही चाळली आणि माझ्याकडे सरकवली. “झोपेचा ओव्हरटाइम द्यायचा का आपण? लेखापरीक्षणवाले हसतील. टिपणी लिहा.”

मी नानांना बोलावलं. टेबलासमोर स्टूल होतं, पण ते माझ्या खोलीत कधी बसत नसत. उभेच राहिले.

“नाना, झोप कशाला लिहिलीत?”

“झोपनू, म्हनीसन लिखं.”

“असं कोणी लिहीत नाही.”

“साहेबबी झोपतस ना गाडीमा. मी पुढे बठेल ऱ्हास, आरशामा दिखस.”

“साहेब लिहीत नाहीत.”

“हाऊ फरक शे मंग,” ते मान डोलावत म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. फरक समजला, तेवढंच.

प्रवास हे कर्तव्य नव्हे, अशी टिपणी मी लिहिली, वर सांगितलेल्या वाक्यासकट. वही नानांना परत दिली, अर्ज दप्तरी दाखल झाला. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे काय, हे सरकारी नोकरी न केलेल्यांसाठी सांगतो: कागद फेकला जात नाही, उलट फार जपून ठेवला जातो. फक्त त्यावर पुन्हा कधी काही होत नाही.

त्याच आठवड्यात पाण्याबद्दलचा कसलासा दिवस साजरा करायचा होता. वरून पत्र आलं होतं, फोटोही मागवले होते. सभागृहात फ्लेक्स लागला आणि त्यावर साहेबांचा मोठा आणि नानांचा छोटा फोटो आला. नानांना ‘जलदूत’ म्हणून शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं गेलं. साहेबांनी भाषण केलं. नाना ऊन, पाऊस, दिवस, रात्र पाहत नाहीत, त्यांची सेवा अहोरात्र आहे, असं ते म्हणाले. भाषण मी लिहिलं होतं, मानपत्रही. सोमवारी टिपणी आणि शुक्रवारी मानपत्र, एकाच पेनाने. हे मला तेव्हा खटकलं असं आज लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. मी टाळ्या वाजवल्या आणि उपमा खाल्ला.

नाना पडले ते पुढच्या हिवाळ्यात.

धुळ्याच्या स्टँडवर बस थांबली होती. गर्दी नव्हती, कोणाचा धक्काही लागला नाही. पेटी तासन्‌तास मांडीवर घेऊन बसल्यामुळे पायाला मुंग्या आल्या होत्या. खालच्या पायरीवर पाय टाकला तो कळलाच नाही. ते एका कुशीवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पेटी छातीशी धरलेली होती, बाटल्या शाबूत राहिल्या. वेळ नऊ वाजून वीस मिनिटं. आमचं कार्यालय उघडायला पंचवीस मिनिटं होती.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी निदान पाच महिने अंथरुणावर किंवा वॉकरवर, असं सांगितलं. नानांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. शिल्लक रजा आदल्या वर्षीच संपली होती. बायको आजारी होती आणि ती गेली तोवर नाना तिच्याजवळ बसून होते. आता दोनच रस्ते होते. कर्तव्यावर असताना इजा झाली असं ठरलं तर विशेष रजा, पूर्ण पगारी. तसं ठरलं नाही तर पाच महिने बिनपगारी, आणि तीसेक वर्षांच्या सेवापुस्तकाच्या शेवटी विनावेतन रजेची लाल शाईची नोंद. नानांच्या मुलाला कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरतं काम असे. घर नानांच्या पगारावर चालायचं.

अर्ज मुलाने आणून दिला. मी तो साहेबांपुढे ठेवला.

“इजा किती वाजता?”

“नऊ वीस, सर.”

“कुठे?”

“धुळे स्टँड.”

“म्हणजे वेळेआधी, कार्यालयाबाहेर, प्रवासात.” साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझी काही हरकत नाही हो. पण फाइलमध्ये आधीचा निर्णय आहे. प्रवास म्हणजे कर्तव्य नाही, असं आपणच ठरवलंय. तुमचीच टिपणी आहे ती, भाऊसाहेब. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

मी माझी टिपणी पुन्हा वाचली. तिच्यात कुठे फट सापडते का पाहत होतो. एकही सापडली नाही. मराठी चांगली होती.

संध्याकाळी नानांच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. नाना लोखंडी पलंगावर आणि शस्त्रक्रिया झालेला पाय उशीवर. सुनेने चहा आणला आणि दाराशी उभी राहिली. रजेचं काय होणार हे विचारायला ती उभी होती, पण तिने विचारलं नाही.

“नाना, त्या दिवसाची दैनंदिनी लिहिली का?”

“दवाखानामा लिखी ना.” त्यांनी उशाखालून वही काढली.

मी वाचलं. ‘९.२० धुळे. उतरताना पडलो. पेटी ठीक.’ आणि त्याच्या वरच्या ओळीत: ‘पारोळा सोडल्यावर डोळा लागला.’

मी वही मिटली. “ही ओळ नको होती.”

“काबरं?”

“झोपेत होतात, म्हणून पडलात, असं म्हणतील. आणि झोप म्हणजे कर्तव्य नाही असं...” मला ते वाक्य पुरं करावंसं वाटलं नाही. “हे पान काढून टाका. मी नवं पान आणतो, तुम्ही पुन्हा लिहा. डोळा लागला ते तेवढं सोडा. कोणी विचारणार नाही.”

सून दारातून एक पाऊल आत आली. “लिखी टाका ना, बाबा. एक ओळना तर प्रश्न शे.”

नानांनी माझ्या हातातून वही घेतली आणि ते पान उघडून पाहिलं.

“एक पान फाडं ना, भाऊसाहेब, मंग मांगलं बठ्ठं खोटं व्हई जाई.”

मागची सगळी पानं खोटी होतील, हे ऐकून सून आत गेली. भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तिचं बरोबर होतं. घर तिलाच चालवायचं होतं.

मी उठलो तेव्हा नाना म्हणाले, “आनि झोप म्हंजे कितली? अर्धा घंटा व्हयना का मोबाइल वाजस. पेटी उघाडनी, काटा पाहाना, कार्डवर लिखना. झोपूच देत नही ती पेटी.”

“कसलं कार्ड?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तीस वर्षं एका कार्यालयात राहून माणूस इतका अडाणी कसा, हे त्यांना समजेना. पेटीला तापमानाचं कार्ड असतं. दर अर्ध्या तासाला पेटीतला थर्मामीटर पाहून त्यावर आकडा लिहायचा, नाहीतर धुळ्याची प्रयोगशाळा नमुना घेत नाही. कार्ड पेटीबरोबर जातं आणि तिथेच राहतं. आमच्या फाइलला ते कधी लागलंच नाही. त्यामुळे माझ्या दृष्टीने ते अस्तित्वात नव्हतं. मी माणसाची दैनंदिनी तपासली होती. पेटीची दैनंदिनी वेगळी असते, हे मला माहीत नव्हतं.

मी नानांची वही मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून पावणेसातची बस पकडली. नानांची बस. खिडकीशी बसलो. एरंडोलला चहा घेतला. पारोळा सोडल्यावर रस्ता सरळ होतो, दोन्ही बाजूंना कपाशी निघालेली रिकामी काळी रानं लागतात, ऊन काचेतून गालावर येतं. माझ्या मांडीवर पेटी नव्हती, फक्त डबा होता. मला धुळ्याच्या अलीकडे कंडक्टरने उठवलं.

प्रयोगशाळेत नमुने उतरवून घेणाऱ्या एक ताई होत्या. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी आधी नानांचा पाय कसा आहे ते विचारलं, मग कपाटातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला.

“सगळी ठेवलीत. बाकी जिल्ह्यांची आम्ही वर्षाने काढून टाकतो. तुमचे नाना येऊन मोजतात, म्हणून.”

मी वही आणि कार्डं शेजारी ठेवून बसलो. वहीत ‘एरंडोल ते पारोळा झोप’ आणि त्याच दिवसाच्या कार्डावर साडेसात, आठ. वहीत ‘डोळा लागला’ आणि कार्डावर साडेआठ, नऊ. आकडे बसच्या धक्क्यांनी वाकडे झालेले, पण एकही चुकलेला नाही. ज्याला नाना झोप म्हणत होते ती वीस-पंचवीस मिनिटांची होती, आणि तीही त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून ठेवली होती. मधली मोजमापं मात्र लिहिली होती पेटीच्या नावावर. स्वतःचं काम त्यांनी स्वतःच्या वहीत कुठे लिहिलंच नव्हतं.

“ते पडले त्या दिवशीचं आहे?”

ताईंनी सर्वांत वरचं कार्ड दिलं. साडेआठ, पाच अंश. नऊ, पाच अंश. त्याखाली वेगळ्या अक्षरात, बोटाएवढ्या मोठ्या आकड्यांत: ‘९.३०. ६.’

“हे अक्षर नानांचं नाही.”

“रिक्षावाल्याचं.” ताई गठ्ठा पुन्हा बांधता बांधता सांगत होत्या. “स्टँडवरच्या लोकांनी नानांना उचलून रिक्षात आडवं घातलं. रिक्षावाला दवाखान्याकडे निघाला, तर हे म्हणे आधी प्रयोगशाळा. तो म्हणाला, बाबा, पाय बघा तुमचा. हे ऐकेनात. इथे दारात रिक्षा आली तेव्हा मोबाइल वाजत होता त्यांचा. आडवं पडून पेटीत बघता येईना, म्हणून त्याला ती उघडायला लावली, काटा कुठे ते दाखवलं आणि त्याच्याकडून लिहून घेतलं. मग पेटी माझ्या हातात दिली. पावती मागितली.”

“पावती?”

“घेतली ना. मग गेले दवाखान्यात.”

त्या सहा बाटल्यांपैकी एका गावचं पाणी पिण्यालायक निघालं नाही, असंही त्यांनी सांगितलं. टाकी धुऊन घ्यायला सांगितली होती. गावात पुढे साथ वगैरे काही झालं नाही. काही झालं नाही, म्हणून ते कुठल्या अहवालातही आलं नाही.

परतल्यावर मी टिपणी लिहिली. लिहायला तीन दिवस लागले. पहिली मी एका दुपारी लिहिली होती. मांडलं ते एवढंच: पेटी नळापासून प्रयोगशाळेपर्यंत शासकीय ताब्यात असते, ताबा माणसाचा असतो, दर अर्ध्या तासाची मोजमापं सोबत जोडली आहेत. पेटी कर्तव्यावर होती आणि तिच्यासोबतचा माणूस नव्हता, असे म्हणता येणार नाही. शेवटी लिहिलं, ‘या कार्यालयाच्या पूर्वीच्या टिपणीतील निष्कर्ष चुकीचा होता. ती टिपणी प्रस्तुत लिपिकानेच लिहिली होती.’ आणि चौथं सहपत्र म्हणून मानपत्राची प्रत जोडली, ‘अहोरात्र’ या शब्दाखाली रेघ मारून.

साहेबांनी सगळं वाचलं. कार्डं एकेक उलटून पाहिली. रिक्षावाल्याच्या आकड्यांवर बराच वेळ थांबले. मग मानपत्र बाजूला काढून माझ्या हातात दिलं.

“मानपत्र हा पुरावा नसतो, भाऊसाहेब.”

“सही आपली आहे, सर.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. मग पेन घेऊन त्यांनी शेवटची दोन वाक्यं खोडली. “चूक झाली असं फाइलवर लिहायचं नसतं. मग सगळ्या चुका काढाव्या लागतील.”

विशेष रजा मंजूर झाली, पूर्ण पगारी. आदेशाच्या शेवटी नेहमीची ओळ होती: ‘सदर मंजुरी ही विशेष बाब म्हणून असून ती पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये.’ अतिकालिक भत्त्याचा जुना अर्ज दप्तरी दाखल होता, तो तिथेच राहिला. मी तो वर काढण्याबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, “मिळालं त्यात समाधान माना.” मी मानलं. त्या दिवशी मी हट्ट धरायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

आदेश घेऊन मी नानांकडे गेलो. ते वॉकर धरून पडवीत उभे होते. सुनेने आदेश आधी वाचला, ‘पूर्ण पगारी’पर्यंत, आणि ती चहा ठेवायला आत गेली. या वेळी भांड्यांचा आवाज आला नाही. नानांनी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“ही कडनी ओळ काय शे?”

“म्हणजे हे फक्त त्या एका दिवसापुरतं आहे. बाकीच्या दिवसांना लागू नाही.”

“त्या रोज मी कामवर व्हतू.”

“हो.”

“मंग बाकीना रोज काय करी ऱ्हायंतू मी?”

मी आस्थापना लिपिक होतो. असल्या प्रश्नांची उत्तरं काढणं हीच माझी नोकरी. मी म्हणालो, “कामावरच होतात, नाना.”

“कागदवर?”

“नाही. कागदावर नाही.”

त्यांनी मान डोलावली. पहिल्यांदा ‘हाऊ फरक शे मंग’ म्हणताना डोलावली होती तशीच. मग वॉकर टेकत टेकत ते पलंगाशी गेले, बसले, उशाखालून वही काढली. दौरे संपले होते. रजेवरच्या माणसाला दैनंदिनी लिहावी लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच होती, म्हणून मला ते दिसलं.

‘६.४०. भाऊसाहेब आदेश घेऊन घरी आले. कार्यालयाची वेळ संपली होती.’